लाल टोक दक्षिणेला

मी बोलतोय, तो एका शाळेच्या प्रयोगशाळेतला पट्टीचुंबक. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव हट्टी आहे. मला कितीही फिरवा, ढकला, पालथा घाला. मोकळा सोडलात की मी पुन्हा आपल्या जागेवर येतो. अशा स्वभावाचं कुणी फार कौतुक करत नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या या हट्टापायी एका मुलीला सगळ्या वर्गाचं हसू सोसावं लागलं. तिची हकिकत सांगावी म्हणून आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाचा एक लांबट तुकडा, एवढीच माझी ओळख होती. भट्टीत लाल होईपर्यंत तापवलं, तेलात बुडवलं, घासलं, पुसलं, तरी मी आपला पोलादच. मग एका कामगाराने मला तारेच्या वेटोळ्यात सरकवलं आणि खटका दाबला. वीज आली आणि गेली. तेवढ्यात माझ्या आतली सगळी गोंधळलेली मंडळी एका दिशेला तोंड करून उभी राहिली. बाहेरून काहीच बदललं नव्हतं, पण मला आता कळत होतं की आपल्याला कुठे बघायचं आहे.

रंगाच्या टेबलावर एक बाई बसायच्या. त्या प्रत्येक चुंबकाला आधी होकायंत्राजवळ नेत, सुई कुठे वळते ते बघत आणि मगच ब्रश उचलत. शेजारची त्यांना म्हणायची, "अगं, सगळे एकाच बाजूने येतात, कशाला वेळ घालवतेस?" त्या म्हणायच्या, "येत असतील. मी बघते." माझं उत्तरेकडचं टोक त्यांनी लाल केलं, त्यावर पांढऱ्या रंगात 'उ' काढला. दक्षिणेकडचं टोक निळं केलं, त्यावर 'द' काढला. माझ्या जुळ्या भावाचंही तसंच केलं. आम्हा दोघांना एका खोक्यात घालून शाळेकडे रवाना करण्यात आलं.

शाळेत आमची गाठ पडली विज्ञानाच्या सरांशी. उंच, किडकिडीत, खिशात नेहमी दोन पेनं आणि एक किल्ली. खोकं उघडून आम्हाला पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, आपलं नशीब उघडलं. त्यांनी आम्हाला मऊ फडक्याने पुसलं, लोखंडी कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

झालं. त्या कुलपामागे माझी बरीच वर्षं गेली.

सर वाईट नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. त्यांच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका मुलाने काचेची नळी वाकवायला घेतली आणि ती त्याच्या तळहातात मोडली. सरांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. हात बरा झाला, पण सरांनी कानाला खडा लावला. त्या दिवसापासून प्रयोग सर करणार आणि मुलं लांबून बघणार, असा दंडक पडला. मागच्या बाकावरच्यांना काही दिसायचं नाही. मग सर म्हणायचे, "हा इथे स्थिर झाला असं समजा. याचं लाल टोक उत्तरेला आहे असं समजा." मुलं समजायची आणि वहीत लिहायची. मुलांनी सरांचं नावच 'समजा सर' पाडलं होतं, आणि ते सरांनाही माहीत होतं.

मला टांगण्याचा प्रयोग तर बघण्यासारखा असायचा. सर मला कागदाच्या पाळण्यात घालून दोऱ्याने टांगायचे ते लोखंडी स्टँडवर, आणि तोही लोखंडी कपाटाला खेटून. एका बाजूने स्टँड ओढतोय, दुसऱ्या बाजूने कपाट. मी बिचारा उत्तर दिशा शोधणार कशी? मी भलतीकडेच रेंगाळायला लागलो की सर बोटाने हळूच मला हव्या त्या दिशेला वळवायचे आणि म्हणायचे, "असं समजा." प्रयोगशाळेत एक होकायंत्र होतं, पण त्याची सुई गंजून बसली होती. ते आपलं शोभेला.

पुढे माझा रंग उडाला. शाळेचा कसलासा मोठा समारंभ होता म्हणून भिंतींना, बाकांना, दारांना रंग लागत होता. सरांनी रंगाऱ्याला बोलावून मला टेबलावर आडवा ठेवला, आणि भावालाही थोड्या अंतरावर तसाच, त्याच बाजूला तोंड करून. अक्षरं पार पुसली होती, लाल रंगाचे थोडे पोपडे तेवढे उरले होते. ते बघून सर म्हणाले, "उजवीकडचं टोक लाल कर, डावीकडचं निळं. दुसऱ्याचंही असंच." तेवढ्यात त्यांना कुणी हाक मारली आणि ते गेले.

सर टेबलाच्या या बाजूला होते, रंगारी त्या बाजूला. सरांची उजवी ती रंगाऱ्याची डावी. त्याने इमानेइतबारे आपल्या उजवीकडचं टोक लाल केलं, उरलेले पोपडे खरवडून टाकले, आणि भावाचंही तसंच केलं. अक्षरं तर इतकी सुबक काढली की सर म्हणाले, "वा, नवा दिसतोय." मी आतून ओरडत होतो. पण माझी बोली फक्त वळण्याची, आणि मला कुणी वळू दिलं तर ना.

कुणाच्या लक्षात यावं तरी कसं? टाचण्या मी दोन्ही टोकांनी उचलतो. लोहकीस दोन्हीकडे सारखाच चिकटतो. भावाचे रंगही उलटे असल्याने लाल लालला ढकलायचं, अगदी पुस्तकात असतं तसं. आम्ही दोघे मिळून व्यवस्थित खोटे दिसत होतो आणि व्यवस्थित पास होत होतो.

मग ती मुलगी आली. वर्गात तिला खारूताई म्हणत, कारण तिच्या दप्तरात वहीपेक्षा इतर ऐवजच जास्त असायचा: स्क्रू, बिया, तुटक्या साखळीच्या कड्या, रिकामी रिळं. तिची आई घरी शिवणकाम करायची, वडील बस चालवायचे.

प्रात्यक्षिक परीक्षेला चिठ्ठ्या उचलायच्या असत. तिच्या चिठ्ठीत मी निघालो. आत जागा उरली नव्हती म्हणून तिला व्हरांड्यात बसवलं, आणि स्टँड संपले होते म्हणून सर म्हणाले, "कसं तरी कर गं." तिने दोन लाकडी बाकं जवळ ओढली, त्यांच्यावर आपली लाकडी फूटपट्टी आडवी टाकली आणि मला तिच्यावरून दोऱ्याने टांगलं. दोऱ्याला पीळ होता, तो आधी सुटू दिला. मग तिने हात मागे घेतला आणि थांबली.

आसपास कपाट नाही, स्टँड नाही. कारखान्यातून निघाल्यापासून पहिल्यांदा मला कुणी मोकळं सोडलं होतं. मी डुललो, फिरलो, पुढे गेलो, मागे आलो आणि शेवटी शांत उभा राहिलो. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. तिने व्हरांड्यातलं सकाळचं ऊन कुठून येतंय ते पाहिलं, त्याच्याकडे तोंड करून डावा हात पसरला आणि मनाशी काही जुळवलं. मग मला बोटाने फिरवून पुन्हा सोडलं. मी पुन्हा तिथेच. तिने पेपरात लिहिलं, "लाल टोक दक्षिणेला स्थिर झाले."

सरांनी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. "पुस्तक उघडतेस की नाही? लाल टोक दक्षिणेला जातं का कधी?"

"पण सर, ते तिकडेच वळतंय."

"तुझी दिशा चुकली असेल. खोड ते आणि बरोबर लिही."

तिने खोडलं. पेन एवढं दाबून की कागद फाटला. दुसरं काही लिहिलं मात्र नाही. सरांनी शून्य दिलं आणि पुढच्या मुलाकडे वळले. मी तिथेच टांगलेला होतो, लाल टोक दक्षिणेला करून. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

त्या दिवसापासून तिचं खारूताई हे नाव मागे पडलं आणि 'दक्षिण' हे नाव चिकटलं. "ए दक्षिण, फळा कुठल्या बाजूला आहे गं?" असं चालायचं. ती हसण्यावारी न्यायची, पण हळूहळू तिने हात वर करणं सोडलं. त्या शाळेत वर्ष संपताना प्रत्येकाने पुढे कुठली तुकडी घेणार ते वर्गात उभं राहून सांगायचं असे. विज्ञानाची तुकडी घेईन असं ती आधी सगळ्यांना सांगत फिरायची. आता कुणी विचारलं की म्हणायची, "विज्ञान माझ्या डोक्याबाहेरचं आहे."

याच सुमारास शाळेत विज्ञानाच्या नव्या बाई आल्या आणि त्या मुलीच्या वर्गासकट खालचे वर्ग त्यांच्याकडे गेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सरांकडे कपाटाची किल्ली मागितली.

"मुलांच्या हातात देणार?" सर म्हणाले. "फुटेल हो सगळं."

"थोडं फुटेल, सर."

"आणि हात कापला कुणाचा तर?"

 बाईंना त्या काचेच्या नळीवाल्या मुलाची गोष्ट कुणीतरी सांगितली असावी. "काचेचं काही नेत नाही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "नुसते चुंबक नेते. ते कुणाचं काय करणार आहेत?"

मला निरुपद्रवी म्हटलेलं एरवी आवडलं नसतं. त्या दिवशी चाललं.

बाईंनी सगळ्या वर्गाला मैदानात झाडाखाली नेलं. एका खालच्या फांदीला मला टांगलं, लांबच्या दुसऱ्या फांदीला भावाला. "हात काढा, थांबा आणि दिसेल ते सांगा," एवढंच त्या म्हणाल्या. मुलं रेटारेटी करत पुढे आली. ती मुलगी तेवढी मागे, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

"तू येत नाहीस?" बाईंनी विचारलं.

"मी नको, बाई. माझं सगळं उलटं येतं."

"तिचं दक्षिणेला जातं, बाई," कुणीतरी म्हणालं आणि खसखस पिकली.

मी डुलत डुलत स्थिर झालो. वर्गाचा मॉनिटर माझ्याजवळ उभा होता. गुणी मुलगा. त्याने मला नीट पाहिलं, कपाळाला आठी घातली, आणि सरांसारखंच बोटाने मला अर्धा फिरवून लाल टोक उत्तरेला करून धरून ठेवलं.

"हात का लावलास?" बाई म्हणाल्या.

"चुकीचं येत होतं, बाई. बरोबर करून दिलं."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "सोड बघू त्याला."

त्याने सोडलं. मी वळलो. लाल टोक दक्षिणेला. तिकडून भावाच्या टोळीतली मुलं ओरडली की त्यांचाही चुंबक चुकतोय. बाई स्वतः आल्या. सकाळी ऊन कुठून येतं ते मुलांना विचारून त्यांनी दिशा पुन्हा लावून पाहिल्या, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

"मलाही कळत नाहीये हे," त्या म्हणाल्या. कुणी शिक्षक असं म्हणाल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

मग काय, प्रत्येकाला अक्कल फुटली. एक म्हणाला, झाडात खिळे ठोकलेले असतील. दुसरी म्हणाली, चुंबक म्हातारा झालाय. बाई प्रत्येकाला एकच म्हणत होत्या, "बघू या." झाड बदललं. मैदानाच्या मधोमध लांब काठीला टांगून पाहिलं. एकाने कंबरेचा पट्टा काढून लांब फेकला, त्याच्या बकलावर संशय होता म्हणून. मी आपला तिथेच.

एव्हाना ती मुलगी उठून आली होती. माझ्याभोवती तिने सावकाश एक फेरी मारली.  "मी हेच लिहिलं होतं," ती म्हणाली. कुणी हसलं नाही.

थोड्या वेळाने तीच पुन्हा बोलली. "बाई, चुंबक बरोबर असेल आणि रंगच चुकला असेल तर?"

सर व्हरांड्यातून हे सगळं बघत होते. ते कधी खाली आले कुणाला कळलंच नाही. "बघू," म्हणत त्यांनी काठी स्वतःच्या हातात घेतली. मला फिरवून सोडलं, थांबले. पुन्हा फिरवून सोडलं, पुन्हा थांबले. या वेळी त्यांनी बोट लावलं नाही. 

मग त्यांना आठवलं. त्यांनी त्या मुलीला आपल्यासमोर उभं केलं, मला दोघांच्या मध्ये तळहातावर आडवा धरला आणि म्हणाले, "उजवीकडचं टोक दाखव."

तिने दाखवलं. सरांनी आपल्या उजवीकडचं दाखवलं. दोन बोटं दोन टोकांवर होती.

"रंगाऱ्याला मी एवढंच सांगून गेलो होतो," सर म्हणाले. "परत येऊन बघितलं नाही. त्यानंतर तुम्ही पहिले नव्हे, कितीतरी वर्ग येऊन गेले. सगळ्यांनी लाल टोक उत्तरेला लिहिलं आणि मी सगळ्यांना मार्क दिले. हिने एकटीने बघून लिहिलं, तिला शून्य दिलं." ते तिच्याकडे वळले. "माझं चुकलं, बाळ. तुझा पेपर मी आजच दुरुस्त करतो."

ती खाली बघत म्हणाली, "सर, तुम्ही खोडायला लावलंत, मग मला वाटलं मला दिसतच नाही नीट."

 सरांनी चष्मा काढून पुसला. मग मला तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "आजच्या दिवस घरी घेऊन जा. घरच्यांना दाखव." कपाटातली वस्तू घरी जाते आहे हे ऐकून शिपाईकाका जागच्या जागी थबकले.

तिच्या घरी संध्याकाळी आई मशीनवर होती आणि टाचण्यांची डबी नुकतीच लवंडली होती. मी आपणहून कामाला लागलो. सतरंजीच्या दशांत अडकलेल्या टाचण्यासुद्धा ओढून काढल्या. आई म्हणाली, "असा एक घरात हवा गं." मग तिने रिळाचा दोरा तोडून दिला आणि मुलीने मला दाराच्या लाकडी चौकटीला टांगलं.

वडील कामावरून आले, चहाचा कप घेऊन समोर बसले. सगळी हकिकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "ते ठीक आहे. पण तुकडी घेताना ज्यात मार्क पडतात तीच घ्यावी माणसाने."

"मार्क पडतील, बाबा. सर देणार आहेत."

"पुढच्या वर्षी कोण देणार?"

 वडिलांनी सहज म्हणून मला बोटाने फिरवलं. मी जागेवर आलो. त्यांनी उलटा फिरवला. मी जागेवर आलो. कप खाली ठेवून त्यांनी मला गरागरा फिरवलं, दोऱ्याला चांगला पीळ पडेपर्यंत. मला गरगरायला लागलं, पण सगळा पीळ सुटला आणि मी पुन्हा तिथेच येऊन उभा राहिलो.

"हट्टी आहे लेकाचा," वडील म्हणाले.

"कुणासारखा?" आईने मशीनवरून मान वर न करता विचारलं.

वडील आधी आईकडे बघून हसले, मग लेकीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, अगदी व्हरांड्यात बघत होती तशी. "एवढं बघायला आवडतं तुला?" त्यांनी विचारलं. तिने मान डोलावली. "मग जा त्याच तुकडीत. मार्कांचं बघू."

दुसऱ्या दिवशी वर्गात तिची पाळी आली तेव्हा मी तिच्या खिशातच होतो. ती उभी राहिली आणि म्हणाली, "विज्ञान." मागून कुणीतरी हळूच "दक्षिण" म्हणालं. ती मागे वळून म्हणाली, "हो, तीच." मॉनिटरने पहिली टाळी वाजवली.

शिपाईकाका लगेच रंगाचा डबा घेऊन आले होते. सरांनी त्यांना परत पाठवलं. "राहू दे असाच," ते म्हणाले. दर वर्षी नव्या मुलांच्या हातात बाई मला काहीही न सांगता देतात. बहुतेक मुलं पुस्तकात आहे तेच लिहितात. काही जण बोटाने वळवून 'बरोबर' करतात. एखादी, एखादा बराच वेळ बघत राहतो, इकडे तिकडे पाहतो आणि घाबरत घाबरत लिहितो की लाल टोक दक्षिणेला गेलं. नोकरी संपेपर्यंत सर त्या वेळी मुद्दाम येऊन मागे उभे राहायचे. असं एखादं मूल सापडलं की त्यांचा चेहरा खुलायचा, खोक्यातून मला पहिल्यांदा काढलं होतं तसा.

कपाटाला आता कुलूप नसतं. मी रोज हातात असतो आणि रोज कुठेतरी आपटतो. प्रत्येक आपटण्यासरशी आतली काही मंडळी पुन्हा गोंधळतात आणि माझं बळ थोडं कमी होतं. कपाटात होतो तेव्हा टाचण्यांचा अख्खा झुबका उचलायचो, आता दोन-चार उचलल्या तरी पुष्कळ. सरांना वाटायची ती भीती अगदीच खोटी नव्हती. भाऊ तर फरशीवर पडून मोडला. त्याच्या दोन तुकड्यांचे दोन चुंबक झालेले पाहून मुलं दिवसभर नाचत होती, आणि मला रडावं की हसावं ते कळेना.

तरी मला पुन्हा त्या कुलपामागे कोंडून ठेवू नका. माझ्यात थोडा जोर आहे तोवर मला लोखंडापासून लांब न्या, दोऱ्याचा पीळ सुटू द्या आणि टांगा. मग तुमचा हात तेवढा काढून घ्या. मला वेळ लागेल, आता पूर्वीपेक्षा जास्तच लागतो. पण मी वळेन.